भरलं वांगं आणि विनम्र अभिवादन

खरेदीच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात नाही, हे आधीच सांगून टाकतो! कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी परचेसला होतो. ड्रम, झाकणं, हातमोजे, गमबूट, जे म्हणाल ते. कुठला माल कुणाकडून, कधी आणि किती कुरकुर करून घ्यायचा हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्यामुळे नोकरी सोडून कासुर्डीजवळ हायवेला हॉटेल टाकायचं ठरवलं तेव्हा मला काडीचीही भीती वाटली नाही. भीती वाटली ती मोनालीला. मोनाली म्हणजे माझी बायको. तिला माझ्या प्रत्येक योजनेची भीती वाटते आणि वाईट याचं वाटतं, की ती दर वेळी खरी ठरते.

हॉटेलचं नाव 'आसपास'. ताटात पडणारी प्रत्येक गोष्ट पंधरा किलोमीटरच्या आतली! आमच्या हायवेवर हॉटेलं चिक्कार आहेत, पण भाजी सगळ्यांची पुण्याच्या मार्केट यार्डातून येते. म्हणजे आमच्याच रानातलं वांगं टेम्पोत बसून पुण्याला जातं, तिथे दोन दिवस काढतं आणि सुरकुत्या घेऊन आमच्याच रस्त्यावर परत येतं. हा येडेपणा मी बंद करणार होतो.

"आणि चहाची पावडर?" मोनालीने विचारलं. "ती पंधरा किलोमीटरमध्ये कुठे पिकते?"

"चहाला सूट."

"मीठ?"

"मिठालाही सूट. तू आता मिरीवर येऊ नकोस!"

मी तीन माणसं हेरली. दूध-ताक मुक्ताबाईंचं. त्यांच्या म्हशी त्यांच्यासारख्याच, सरळ आणि तोंडाने फटकळ. गूळ बापूसाहेबांच्या गुऱ्हाळातला. बापूसाहेब सोसायटीचे माजी चेअरमन. 'माजी' हा शब्द ते स्वतः कधी उच्चारत नाहीत आणि दुसऱ्याने उच्चारलेला त्यांना चालत नाही. आणि वांगी, बाजरी ज्योतिबा आबांची. आबांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आबांनी शेती धरली. आता हायवेलगतचा एक तुकडा, चार शेळ्या आणि एकटा जीव. पण वांगं असं, की देठ धरून उचललं तर हातात मावू नये!

बापूसाहेबांनी अट घातली, की गुळाला नाव त्यांचंच पाहिजे. मुक्ताबाईंनी अट घातली, की ताकात पाणी मीच घालायचं, त्या घालणार नाहीत. आबांची अट वेगळीच निघाली.

"विश्वजीत, तू आमचे फोटू लावनार म्हनतोस ना रस्त्याला?"

"लावणार ना आबा! पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात असतात तसे. आमचे शेतकरी म्हणून."

"मग माझा फोटू कुरकुंभाकडनं येनाऱ्या गाड्यांना दिसंल असा लाव."

"का बरं?"

आबा वांग्याचं देठ खुडत म्हणाले, "संपत दर रैवारी हितनं जातू. पूनमचं म्हायेर कुरकुंभला. सकाळी जाताना घाईत आसतू. सांच्याला पोट भरून येतू तवा गाडी सावकाश चालिवतू. तवा बघंल."

संपत म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. सणसवाडीत कंपनीला आहे. हायवेचा तुकडा विकून तिकडे भाड्याच्या खोल्या बांधू, असं तो म्हणाला होता, आणि आबा म्हणाले होते, की मी मेल्यावर वीक. तेव्हापासून तो दर रविवारी बापाच्या बांधावरून जायचा आणि ब्रेकला पायही लावायचा नाही. सून बिचारी काचेतून मागे वळून बघायची, असं आबा सांगत. इतक्या लांबून त्यांना काच दिसत असेल का, हे मी विचारलं नाही.

मला फार वाईट वाटलं. त्या भरात मी छातीवर हात मारून म्हणालो, "आबा, असा फोटो लावतो, की संपतची गाडी थांबलीच पाहिजे!"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं नसतं तर बरं झालं असतं.

पुण्यातल्या त्या हॉटेलात शेतकऱ्यांचे फोटो काळे-पांढरे होते. भारदस्त! प्रत्येक सुरकुतीला अर्थ आल्यासारखा. म्हणून मीही काळे-पांढरेच काढले. आमच्याकडे कॅमेऱ्यासमोर हसायची पद्धत नाही. बापूसाहेब जाकीट घालून ताठ बसले. मुक्ताबाईंनी डोक्यावरून पदर घेऊन जमिनीकडे पाहिलं. आबांनी मुंडासं सारखं केलं आणि लांब कुठेतरी नजर लावली. ते फोटो घेऊन मी यवतला जयसिंगच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो.

जयसिंगने फोटो पाहिले आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

"तिघं बी?"

"तिघंही. एकाच फ्लेक्सवर घे. वेगवेगळे परवडत नाहीत."

"आरारा!" तो म्हणाला. "आन् कवा हाय?"

"रविवारी सकाळी दहाला. 'सर्वांनी यावे' असं मोठ्या अक्षरात टाक. वर लिही, 'यांच्यामुळे आपले ताट भरले, त्यांना विनम्र अभिवादन.' खाली, 'हॉटेल आसपास परिवार' आणि माझा मोबाईल नंबर."

"रंग?"

"रंग नको. काळं-पांढरंच."

"व्हय व्हय, त्ये तर हायेच." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, धीर धरा. फुलं आन् समया माझ्याकडनं टाकतू. त्येचं पैसं मी घेत न्हाई."

हॉटेलच्या धंद्यात धीर लागतोच. मला वाटलं, चांगला माणूस आहे!

शनिवारी अंधार पडताना त्याची माणसं फ्लेक्स बांधून गेली. मी खालून टॉर्च मारून पाहिला. दोन्ही बाजूंना पेटत्या समया, खाली झेंडूच्या माळा, मध्ये तीन गंभीर चेहरे. माझा ऊर भरून आला. एवढं शालीन काम हायवेवर कुणी केलं नव्हतं. मी समाधानाने झोपलो.

सकाळी मोनालीने हलवून उठवलं. ती हायवेपर्यंत जाऊन आली होती आणि पांढरीफटक पडली होती.

"अहो, कोण गेलं?"

"कुठे?"

"तुमच्या बोर्डावरचे तिघं!"

मी बाहेर धावलो. दिवसाउजेडी फ्लेक्सकडे पाहिलं आणि आमच्या भागात असा फ्लेक्स नक्की कधी लावतात, हे मला पहिल्यांदाच आठवलं. चौकाचौकात आपण ते बघतो, हात जोडतो आणि पुढे जातो. मी स्वतः आयुष्यभर शेकडो वेळा जोडले असतील!

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. मोटरसायकल लावली, चपला काढल्या, फ्लेक्ससमोर हात जोडून उभं राहिलं.

"या, या! आत बसा," मी म्हणालो. "गरम भाकरी आहे. भरलं वांगं आहे."

त्याने माझ्याकडे कीव करून पाहिलं. "नको हो. अशा टायमाला घशाखाली उतरत न्हाई." आणि तो घरी आंघोळीला गेला.

ताकाची किटली सकाळी सहाला यायची होती, ती आली नाही. मुक्ताबाईंना फोन लावला तर मागे रडण्याचा गलका. त्यांच्या लेकी उरुळीहून आणि वरवंडहून हंबरडा फोडत आल्या होत्या. आई गोठ्यात धार काढताना दिसल्यावर एकीला चक्कर आली होती.

"मेल्या, मला मारलंस व्हय रे?" मुक्ताबाई ओरडल्या. "घरात मानूस मावंना झालंय! समद्यांला च्या करून करून तुझं दूध बी संपलं!"

एक व्हेंडर गेला.

दहा वाजेपर्यंत काय झालं म्हणता? पार्किंग फुल्ल! पहिल्याच दिवशी! जीप, मोटरसायकली, दोन ट्रॅक्टर. लोक पांढऱ्या टोप्या घालून गंभीर चेहऱ्याने उभे आणि एकाच्याही हातात ताट नाही. मी घसा फोडून सांगत होतो, की तिघंही खडखडीत आहेत. पण अशा प्रसंगी हॉटेलवाल्याचं कोण ऐकतं? "धक्का बसलाय त्येला," असं म्हणून कुणीतरी मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी पाजलं.

सावळाराम गुरुजी म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत. चार माणसं उभी दिसली, की ते दोन शब्द बोलतात. त्यांनी सुरुवात केली. बापूसाहेबांनी सोसायटीसाठी हाडांची काडं कशी केली ते सांगताना त्यांना हुंदका आला. मग त्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. काय करणार, मीही राहिलो! स्वतःच्या हॉटेलच्या उद्घाटनाला मान खाली घालून!

ती शांतता चालू असताना मागे स्कॉर्पिओ थांबली आणि बापूसाहेब उतरले.

लोकांची जी पांगापांग व्हायला लागली, तिचं वर्णन करणं अवघड आहे. पण बापूसाहेबांनी हात वर केला. "थांबा! गुरुजी, तुम्ही बोलत होता त्ये पुरं करा."

गुरुजींनी पुरं केलं. बापूसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं, "आत्ताचा चेअरमन आला व्हता का?"

"नाही."

"मला वाटलंच!" त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मेल्यावर बी आला न्हाई! आन् माझा फोटू कडंला का रं?"

गूळ परत घेऊन ते गेले. दुसरा व्हेंडर गेला.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता. पण मेलेली माणसं जिवंत निघाली, की लोकांना हायसं वाटत नाही. चार तास वाया गेल्याचा राग येतो. मग खुसपुस सुरू झाली. तिघांत सारखं काय? तिघं शुक्रवारी चव बघायला हॉटेलात जेवले होते. हॉटेलवाला आधी कुठे होता? कुरकुंभला, केमिकलमध्ये! दुपारपर्यंत मोबाईलवर बातमी फिरली, की तिघं थोडक्यात वाचले असून पुण्याला ॲडमिट आहेत. एक कुटुंब गाडीतून उतरलं होतं, त्यांनी मोबाईल पाहिला आणि पोरांना परत गाडीत कोंबलं. त्यातल्या लहानग्याने माझ्याकडे बघून तोंड दाबलं.

"तो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता काढा," मोनाली म्हणाली. ती शांतपणे म्हणाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "तो आहे तोवर इथे कुणी पाणीसुद्धा पिणार नाही."

मी कोयता आणि शिडी घेऊन निघालो. तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला.

"विश्वजीत, सांजंपतूर राहू दे."

आबा! सकाळपासून ते तिथे बसले होते, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. धुतलेलं धोतर, नवं मुंडासं. गर्दी आली, रडली, भांडली, गेली. त्यात आबांसाठी कुणीही आलं नव्हतं. बापूसाहेबांच्या फोटोवर हारांचा ढीग, मुक्ताबाईंच्या फोटोखाली लेकींनी ठेवलेली साडी. आबांच्या फोटोवर एक झेंडूचा हार होता, तोही मुक्ताबाईंनीच दुपारी येऊन बापूसाहेबांचा काढून घातलेला.

"आबा, माझा धंदा बसला हो!"

"बसला ना? मग आता घाई कसली?"

खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला. माझी नोकरी सोडलेली, हॉटेल पहिल्याच दिवशी बदनाम, आणि या म्हाताऱ्याला स्वतःच्या मरणाचा फ्लेक्स हवाय! मी मोनालीकडे पाहिलं. तिने माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि आत जाऊन आबांसाठी भाकरी टाकली. मी शिडीवरच बसून राहिलो.

ऊन कललं. गाड्या येत होत्या, हात जोडत होत्या, जात होत्या. आबा प्रत्येक गाडीला मान वर करत होते. आणि दिवस मावळायच्या सुमाराला एक पांढरी गाडी पुढे गेली, कचकन थांबली आणि हायवेवरच उलटी येऊ लागली! मागून ट्रकवाल्यांच्या शिव्या. दार उघडून संपत धावत आला. मागे पूनम, तोंडात पदर.

संपतने माझे दोन्ही खांदे धरले. कसाबसा म्हणाला, "कुठं ठिवलंय?"

मी घाबरून खरं तेच सांगितलं. "आत. कोपऱ्यातल्या टेबलावर."

"टेबलावर?"

तो आत गेला. आबा भाकरीचा तुकडा रश्शात बुडवत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग संपत खाली बसला, फरशीवरच, आणि आबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून असा रडला, की मोनाली आणि मी चुलीकडे तोंड करून उभे राहिलो. माझ्या डोळ्यांत धूर गेला होता, असं मी तिला सांगितलं.

"ऊठ," आबा म्हणाले. "वांगं खा. आपल्याच रानातलं हाय."

संपत जेवला. पूनम जेवली. हॉटेल आसपासचं पहिलं जेवलेलं गिऱ्हाईक! तिने भाकरी परत मागून घेतली. मी दारात उभा राहून विचार करत होतो, की धंदा गेला तर गेला, पण काहीतरी चांगलं घडलं.

तेवढ्यात आबा म्हणाले, "रानाचा तुकडा मात्र इकायचा न्हाई. आत्ताच सांगतू."

"मी कुठं काय मागितलं?"

"मागशील."

"आबा, मी मयताला आलोय हितं! रान मागायला न्हाई!"

"मयताला आलास. जित्याला कवा आलास?"

झालं! दहा मिनिटांत दोघं उभे. संपत म्हणाला, की बापाने मरणाचं नाटक केलं, लोकं हसतील. आबा म्हणाले, की नाटक हॉटेलवाल्याने केलं. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. पूनम मध्ये पडली. "मामंजी, पुढच्या रैवारी येतू आमी," ती म्हणाली. संपत तोवर गाडीत जाऊन बसला होता. त्याची गाडी गेली तेव्हा पूनमने काचेतून मागे वळून बघितलं. ते अगदी स्पष्ट दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तो फ्लेक्स उतरवला. आबा म्हणाले, शेळ्यांच्या गोठ्याला होईल, म्हणून ते घेऊन गेले. त्या जागी मी नवा लावला. रंगीत! आबांच्या हातात जांभळं वांगं आणि चेहऱ्यावर हसू. ते हसू काढायला मला अर्धा दिवस लागला होता. मुक्ताबाईंनी ताक पुन्हा सुरू केलं. हळूहळू एखाददुसरी गाडीही थांबू लागली.

रविवार आला. आबा धुतलेल्या धोतरात कोपऱ्यातल्या टेबलावर. पांढरी गाडी संध्याकाळी गेली. थांबली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. त्याच्याही पुढच्या.

"कामात असेल, आबा," मी म्हणालो.

"रंगीत कशाला केलास?" आबा म्हणाले. "रंगीत बघून कोन थांबतंय?" मग अगदी हळू आवाजात, "गोठ्यावरचा काढून आनू का? एका सांजंपुरता?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी धंदेवाला माणूस आहे. गिऱ्हाईक कुठे चुकूनमाकून यायला लागलं होतं. पण शनिवारी रात्री मी आणि आबांनी मिळून तो लेंड्यांचा वास येणारा फ्लेक्स परत चढवला. मोनालीने शिडी धरली. आमच्या घरात हे कधी होत नाही.

रविवारी संध्याकाळी पांढरी गाडी आली. हळू झाली. आबा टेबलाची कड धरून उठले. गाडी फ्लेक्सपाशी क्षणभर रेंगाळली आणि निघून गेली. माझा फोन वाजला.

"हॉटेलवाले," संपतचा आवाज होता, "आबाला सांगा, एकदा फसलो. आता त्या बोर्डाला मी फसायचो न्हाई."

फोन स्पीकरवर होता. तो मी का लावला होता, कोण जाणे.

आबा खाली बसले. बाहेर एक मोटरसायकलवाला चपला काढून फ्लेक्सला हात जोडत होता. आबांनी त्याच्याकडे बघितलं.

"म्हंजी आता मी खरंच गेलो, तरी त्यो यायचा न्हाई," ते म्हणाले.

मोनालीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आबांनी घोटभर पाणी प्यायलं, मुंडासं सारखं केलं आणि उठले.

"मग मरन्यात काय अर्थ ऱ्हायला न्हाई," ते म्हणाले. "उद्या वांगी किती आनू?"